कण्यावर सोनेरी

पत्र्या मारुतीच्या मागच्या बोळात माझं दुकान.
थिसिस बायंडिंग, एका दिवसात.
काळं रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरं.
त्रेचाळीस वर्षांत किती पीएच.डी. बांधल्या, मोजल्या नाहीत;
वाचली एकही नाही.

गिऱ्हाईक विचारतं, मुलगी काय करते?
दगडफुलावर संशोधन.
म्हणजे गोड्या मसाल्यातलं?
हो, तेच. पैसे आगाऊ द्या.

मे महिन्यात गेलो तिच्याकडे.
बॅगेत रेक्झिनची गुंडाळी, सोनेरी फॉइल,
आणि पितळी टाइपाची पेटी, जादा वजनाचे पैसे भरून.
विमानतळावरच्या बाईनं एकेक अक्षर हातात घेऊन पाहिलं,
ळ बराच वेळ.

गावाचं नाव मी टार्टू म्हणत होतो.
शाल्मली म्हणाली, बाबा, त. ताकातला त.
तार्तू.
जन्मभर पेठेत राहून ण सांभाळला,
आता उतारवयात त शिकलो.

नदीचं नाव त्यांच्याकडे आई-नदी.
काठावर मुलं पाय सोडून बसलेली.
मी विचारलं, हिला वास का येत नाही?
शाल्मली म्हणाली, बाबा, हळू बोला.
मराठी कोणाला कळणार होतं तिथे, पण मी हळू बोललो.

टेकडीवर एक चर्च, छप्पर नसलेलं.
लाल विटांचे खांब, वर कावळ्यांची शाळा.
त्याच्याच एका कुशीत पूर्वी विद्यापीठाची लायब्ररी होती म्हणे.
पोर गुडघ्यांवर बसली, माझ्या हातात भिंग दिलं,
दगडावरचा एक राखाडी डाग दाखवला, आठ आण्याएवढा.
"हा माझ्याहून मोठा आहे, बाबा.
वर्षाला एक मिलिमीटर. फार तर."
मी म्हटलं, आपल्याकडच्या उड्डाणपुलासारखं.
ती हसली नाही.
मग जिना उतरताना हसली.

विद्यापीठाच्या माळ्यावर कोठडी आहे, जुन्या काळची.
लायब्ररीचं पुस्तक वेळेत परत न करणाऱ्या मुलाला
दोन दिवस आत.
भिंतीवर त्या पोरांनी काढलेली चित्रं.
मी म्हणालो, हा नियम पुण्यात असता
तर अख्खी सदाशिव पेठ आत असती.
आणि एवढं बोलून गप्प झालो.
माझ्या पोटमाळ्यावर एक पुस्तक आहे, कॉलेजचा शिक्का असलेलं.
वनस्पतिशास्त्र, प्रथम वर्ष.
परत करायची तारीख बारा ऑगस्ट एक्याऐंशी.
त्या आठवड्यात दादांना अर्धांगाचा झटका आला
आणि दुकानात सतरा थिसिस अडकल्या होत्या.

पेटी उघडलीच नाही.
तिथे प्रबंधाला पातळ कागदी कव्हर, डिंकाची पाठ,
टाचणीएवढीही जागा नाही सोन्याला.
तिच्या मार्गदर्शक बाईंनी रेक्झिनवरून बोट फिरवलं,
छान म्हणाल्या,
आणि कॉफी मागवली.

आता दुकानात, दुपारचं शटर अर्धं ओढून,
तिची एक प्रत समोर घेऊन बसलोय.
आभाराचं पान त्यांच्या भाषेत.
डोक्यावर दोन-दोन टिंबं घेतलेली अक्षरं,
लग्नातल्या अक्षता लावल्यासारखी.
मधे एकच शब्द ओळखीचा: पुणे.
त्याच्या अलीकडे काय आहे, पलीकडे काय,
फोन करून विचारता येईल.
विचारलं नाही अजून.

कव्हर सोडवलं. फॉर्म शिवले. पुठ्ठा कापला.
तिचं नाव जुळवलं, वर्ष जुळवलं,
आणि गावाशी येऊन अडलो.
पेटीत त दोनच, दोन्ही झिजलेले.
झिजणारच. ह्या शहरात दर दुसरा अभ्यास तुलनात्मक.

तापवून दाब दिला.
पहिला त बरा उठला. दुसरा अर्धाच,
कडेला पुसट,
दगडावर नुकतं काही धरू लागावं तसा.
पुन्हा दाबायला हात उचलला,
आणि राहू दिला.